‘व्हेस्ट’ : एका अल्पपरिचित इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि वनजिल्ह्यांतील त्याचा वापर

प्रस्तावना

सिंदेवाही परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यास ‘व्हेस्ट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारल्यास तो ‘बनियान’ असे उत्तर देईल. नाम म्हणून ते उत्तर बरोबरच आहे. परंतु हाच शब्द क्रियापद म्हणूनही वापरला जातो, आणि ते क्रियापद पाठ्यपुस्तकांतून, वृत्तपत्रांतून किंवा दैनंदिन इंग्रजी संभाषणातून क्वचितच भेटते. त्याचा खरा वावर कायद्याच्या ग्रंथांत आहे. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा विचार करता मात्र या दुर्मीळ क्रियापदाला असाधारण महत्त्व आहे. या भागातील तलाव, गायरान, झुडपी जंगल आणि राखीव वने आज कोणाची, या प्रश्नाचे उत्तर ज्या दोन कायद्यांत सापडते, त्या दोन्ही कायद्यांचे मुख्य वाक्य याच क्रियापदावर उभे आहे. पहिला कायदा १९५० चा आणि दुसरा २००६ चा. पहिल्याने गावाभोवतीची साधनसंपत्ती शासनाकडे गेली. दुसऱ्याने तिच्यावरील काही हक्क गावाकडे आले. प्रस्तुत लेखात या क्रियापदाची व्युत्पत्ती, त्याची वाक्यरचना आणि वनहक्काच्या संदर्भात त्याचा नेमका अर्थ यांचा परामर्श घेतला आहे. इंग्रजी, मराठी, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र या चारही विषयांच्या अध्यापकांचा या शब्दाशी संबंध येतो. म्हणून विवेचन शक्य तेवढे परिभाषामुक्त ठेवले आहे.

वस्त्र आणि अधिकार

‘व्हेस्ट’ चे मूळ लॅटिन भाषेतील ‘व्हेस्टिस’ म्हणजे वस्त्र या शब्दात आहे. ‘व्हेस्टिरे’ म्हणजे वस्त्र नेसविणे. संस्कृतातील ‘वस्’ हा आच्छादनार्थी धातू आणि त्यापासून झालेला ‘वस्त्र’ हा शब्द याच इंडो-युरोपीय कुळातील आहे. म्हणजे मराठी विद्यार्थ्याला परका वाटणारा हा शब्द वस्तुतः त्याच्या घरातील शब्दाचा दूरचा भाऊबंद आहे. लॅटिनमधून तो जुन्या फ्रेंचमध्ये आणि तेथून इंग्रजीत आला. मध्ययुगीन युरोपात पद किंवा जहागीर देताना वस्त्र, अंगठी, दंड अशी चिन्हे दिली जात. बिशपांना ही चिन्हे कोणी द्यावीत, पोपने की सम्राटाने, यावरून अकराव्या-बाराव्या शतकांत दीर्घ संघर्ष झाला आणि ११२२ च्या वर्म्स येथील कराराने तो मिटला. वस्त्र नेसविणे या क्रियेस अधिकार देणे हा अर्थ अशा प्रथांतून चिकटला.

मराठी वाचकास हे समजावून सांगण्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. ‘पेशवाईची वस्त्रे’ हा शब्दप्रयोग आपल्या इतिहासात रूढ आहे. शाहू महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथास आणि १७२० मध्ये पहिल्या बाजीरावास पेशवाईची वस्त्रे दिली. पुढे राज्याची सूत्रे पुण्यात एकवटली, सातारच्या छत्रपतींच्या हाती प्रत्यक्ष सत्ता फारशी उरली नाही, तरीही नव्या पेशव्याची वस्त्रे साताऱ्याहूनच आणावी लागत. १७७४ मध्ये सवाई माधवरावांसाठी वस्त्रे आली तेव्हा ते अवघे काही आठवड्यांचे बालक होते. कारभार बारभाईंच्या हाती होता, तथापि पेशवेपद त्या बालकाच्या ठायी होते. ‘व्हेस्ट’ या क्रियापदाचा कायदेशीर अर्थ समजण्यास याहून नेटके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. अधिकार एकाच्या ठायी असू शकतो आणि त्याचा वापर दुसरा करीत असू शकतो. वापर दुसऱ्याच्या हाती गेला म्हणून अधिकार नाहीसा होत नाही.

याच्या विरुद्ध क्रिया म्हणजे ‘डायव्हेस्ट’, शब्दशः वस्त्रे उतरविणे. मराठीत ‘हक्कावर पाणी सोडणे’ असे आपण म्हणतो. तो वाक्प्रचार दानविधीत उदक सोडण्याच्या प्रथेतून आला. दात्याने पाणी सोडले की त्या वस्तूवरील त्याचा हक्क संपला. ‘इन्व्हेस्ट’ हे तिसरे भावंड. पैशास एक रूप काढून दुसरे रूप चढविणे या कल्पनेतून त्याला गुंतवणुकीचा अर्थ इटालियन व्यापाऱ्यांच्या वापरातून आला.

उच्चाराविषयी एक गोष्ट नमूद करणे योग्य ठरेल. पश्चिम दिशेचा ‘वेस्ट’, पडीक जमिनीचा ‘वेस्ट’ आणि प्रस्तुत क्रियापद हे तिन्ही शब्द मराठी उच्चारात जवळजवळ एक होतात, कारण इंग्रजीतील दंतोष्ठ्य आणि द्व्योष्ठ्य ‘व’ यांत आपण भेद करीत नाही. ‘वेस्ट लँड’ आणि ‘व्हेस्टेड लँड’ हे दोन शब्दप्रयोग श्रुतलेखनात एकमेकांच्या जागी लिहिले गेले तर नवल नाही. महसुली इतिहासात मात्र त्या दोन शब्दांमध्ये मोठे अंतर आहे, जरी पुष्कळदा पहिल्या प्रकारची जमीनच दुसऱ्या प्रकारची झालेली असली तरी.

वाक्यरचना

हे क्रियापद तीन प्रकारे वापरले जाते. पहिल्या प्रकारात कोणीतरी एखादा अधिकार कोणाच्या ‘इन’ म्हणजे ठायी व्हेस्ट करतो. दुसऱ्या प्रकारात एखाद्या व्यक्तीला अधिकाराने ‘विथ’ म्हणजे युक्त केले जाते. तिसऱ्या, अकर्मक प्रकारात मालमत्ता स्वतःच कोणाच्या तरी ठायी ‘व्हेस्ट होते’. पहिल्या दोहोंतील फरक मुख्यत्वे शब्दयोगी अव्ययाचा आहे. तिसरा प्रकार अधिक विचारार्ह आहे, कारण त्यात कर्ता दिसत नाही.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५३ मध्ये संघराज्याचा कार्यकारी अधिकार राष्ट्रपतीच्या ठायी निहित असल्याचे सांगितले आहे आणि लगेच पुढे तो अधिकार राष्ट्रपती स्वतः किंवा अधीनस्थ अधिकाऱ्यांमार्फत वापरील असे म्हटले आहे. अधिकार असणे आणि तो वापरणे ही दोन भिन्न क्रियापदे एकाच वाक्यात शेजारी ठेवलेली आहेत. राज्यशास्त्राच्या वर्गात हे वाक्य दरवर्षी शिकविले जाते. परंतु तेथे चर्चा राष्ट्रपतीच्या अधिकारांविषयी होते, क्रियापदाकडे लक्ष जात नाही.

संपत्ती हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम १९ व २१ यांत ‘व्हेस्टेड’ आणि ‘कंटिंजंट’ अशा दोन प्रकारच्या हितसंबंधांत भेद केला आहे. पहिला हक्क आजच जन्माला आलेला असतो, मग ताबा पुढे केव्हाही मिळो. ताबा मिळण्यापूर्वी हक्कदार मृत्यू पावला तरी तो हक्क वाया जात नाही. दुसरा हक्क एखादी अनिश्चित घटना घडल्यावरच जन्म घेतो. वनहक्क या अधिनियमाखाली येत नाहीत. तथापि कायद्याच्या भाषेत ‘व्हेस्ट’ म्हटल्यावर काय अभिप्रेत असते याचा बोध या भेदातून होतो. गंमत अशी की ‘व्हेस्टेड इंटरेस्ट’ या शब्दप्रयोगास सामान्य इंग्रजीत निंदाव्यंजक छटा आली. आपल्याकडेही ‘हितसंबंधी मंडळी’ म्हटले की स्वार्थी लोकच डोळ्यांसमोर येतात. मूळ कायद्यात त्या शब्दाला कोणताही डाग नाही.

१९५१ : कर्ता नसलेले वाक्य

चांदा जिल्हा त्या काळी मध्य प्रदेशात होता. आजचा गडचिरोली जिल्हाही त्याचाच भाग होता आणि १९८२ मध्ये तो वेगळा झाला. मालगुजारी व जमीनदारी नष्ट करणारा मध्य प्रदेशचा मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५० मध्ये झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे मालकी हक्क राज्याच्या ठायी ‘व्हेस्ट’ झाले. या कायद्यातील कलम ४ मधील यादी वाचण्यासारखी आहे. लागवडीयोग्य वा ओसाड जमीन, गवताळ जमीन, झुडपी जंगल, वने, झाडे, मासेमारी, विहिरी, तलाव, पाण्याचे पाट, नावेचे उतार, पायवाटा, गावठाण, हाट, बाजार, जत्रा आणि भूगर्भातील खनिजे असा एका गावाचा जणू संपूर्ण संसारच त्यात मोजला आहे. मालगुजाराचे घर, त्याच्या स्वतःच्या वहितीची जमीन अशा काही बाबी वगळल्या होत्या. उरलेले सर्व भाररहित स्वरूपात राज्याच्या ठायी गेले.

मालगुजारी नष्ट होणे ही न्याय्य व आवश्यक सुधारणा होती, याविषयी दुमत असू नये. प्रश्न वाक्यरचनेचा आहे. गावातील पायवाटेपासून तलावापर्यंत प्रत्येक वस्तू अकर्मक क्रियापदाच्या आधारे, जणू आपोआप, राज्याकडे सरकली. मालगुजाराचा हक्क कोठे संपतो आणि गावकऱ्यांची वहिवाट कोठे सुरू होते, हे त्या एका शब्दात सांगितलेले नव्हते. जळाऊ लाकूड, शेतीच्या अवजारांसाठी व घरासाठी लाकूड, चराई यांविषयीच्या वहिवाटीस या भागात ‘निस्तार’ म्हणतात. तिच्या नोंदी वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक या कागदांत होत्या व पुढेही राहिल्या; परंतु व्यवहारात त्या वहिवाटीचे स्वरूप हक्कापेक्षा सवलतीचे होत गेले. ज्यांना आज ‘मामा तलाव’ म्हणतात ते माजी मालगुजारी तलाव याच व्यवहाराची खूण आहेत. सिंदेवाहीसारख्या धानाच्या तालुक्यात त्यांचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. यादीतील ‘झुडपी जंगल’ या दोनच शब्दांवरून पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत पुढे अनेक दशके वाद चालू राहिला. या जमिनी वन म्हणूनच गणल्या जाव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला.

२००६ : तीन क्रियापदांचा क्रम

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ याच्या संक्षिप्त नावात केवळ ‘मान्यता’ हा शब्द आहे. दीर्घ नावात मात्र तीन क्रियापदे येतात : ‘रेकग्नाइज’, ‘व्हेस्ट’ आणि ‘रेकॉर्ड’. अर्थात हक्क ओळखणे, ते हक्कदाराच्या ठायी निहित करणे आणि मग त्यांची नोंद करणे. हे हक्क पिढ्यान्‌पिढ्या असूनही त्यांची नोंद होऊ शकली नव्हती, असेही तेथेच म्हटले आहे. उद्देशिकेत तर याला ऐतिहासिक अन्याय असे संबोधिले आहे.

कायद्याचे हृदय कलम ४ च्या पहिल्या पोटकलमात आहे. केंद्र सरकार ‘याद्वारे’ वनहक्क मान्य करते व निहित करते, अशी तेथे वर्तमानकाळी रचना आहे. भविष्यकाळ नाही, ‘करील’ असे म्हटलेले नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी अशा वाक्यांना कृतिवाचक उक्ती म्हटले होते. ‘मी वचन देतो’ हे वाक्य वचनाचे वर्णन करीत नाही, ते उच्चारणे हेच वचन देणे असते. कलम ४ मधील वाक्यही त्याच जातीचे आहे. कायदा ३१ डिसेंबर २००७ रोजी अमलात आला आणि वाक्याने आपले काम त्या दिवशी केले. त्यानंतर ग्रामसभा, उपविभागस्तरीय समिती आणि जिल्हास्तरीय समिती यांच्याकडे उरते ते कोणाचा, कोठला व किती हक्क, याची पडताळणी व नोंद करण्याचे काम.

यास एक रास्त आक्षेप घेता येतो. तेच पोटकलम ‘या अधिनियमाच्या तरतुदींस अधीन राहून’ असेही सांगते. वहिवाट १३ डिसेंबर २००५ पूर्वीची हवी. शेतजमीन प्रत्यक्ष कब्जातील आणि कमाल चार हेक्टर हवी. इतर पारंपरिक वननिवासींच्या बाबतीत त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास हवा. या अटी पूर्ण न करणाऱ्यास हक्क निहित झाला असे म्हणता येणार नाही. आक्षेप मान्य केला तरी अटी पूर्ण करणाऱ्याचे स्थान बदलत नाही. त्याचा हक्क समितीच्या स्वाक्षरीने निर्माण होत नाही, स्वाक्षरीने तो सिद्ध होतो. याच कारणाने कलम ४ च्या पाचव्या पोटकलमात पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणासही हटवू नये असे म्हटले आहे. ज्याच्याजवळ अद्याप काहीच नाही अशा अर्जदाराला असे संरक्षण देण्याचे कारण नव्हते.

व्यवहारात तिन्ही क्रियापदांचा क्रम उलटा होतो. प्रथम नोंद, मग मान्यता आणि सर्वांत शेवटी हक्क, अशी समजूत कार्यालयांत आणि गावांतही रुजली. ‘वनपट्ट्यांचे वाटप’ हा वृत्तपत्रांतील रूढ शब्दप्रयोग या समजुतीचे अपत्य आहे. वाटप म्हटले की देणारा आला, घेणारा आला आणि न देण्याची मुभाही आली. या समजुतीची किंमत मोठी असू शकते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळल्या गेलेल्यांना वनजमिनीवरून काढण्याविषयी आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीस त्यास स्थगिती दिली. दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले गेले, हा प्रश्न स्थगितीच्या वेळी केंद्रस्थानी होता. दावा म्हणजे मागणी-अर्ज मानला तर फेटाळण्यास कारण देण्याचे बंधन सैल होते. तो आधीच निहित असलेल्या हक्काचा दावा मानला तर कारण द्यावेच लागते.

मेंढा (लेखा) आणि पाचगाव

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा सर्वश्रुत आहे. १९५१ च्या वाक्यातील ‘राज्याच्या ठायी’ या शब्दांना तिच्याहून थेट उत्तर क्वचितच दिले गेले असेल. कायद्यात बांबूचा समावेश गौण वनोपजात स्पष्टपणे केला आहे आणि गौण वनोपजावर मालकीचा हक्क दिला आहे. तरीही ग्रामसभेस बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना मिळेना, कारण वन विभाग जुन्या वन कायद्यानुसार बांबूस वृक्ष मानीत होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या स्वाधीन झाली. २०१२ च्या नियमदुरुस्तीने असा परवाना देण्याची व्यवस्था ग्रामसभेच्या समितीकडे आली. हक्क निहित होता, त्याचा वापर मात्र एका कागदी पुस्तिकेवाचून अडला होता. वस्त्रे एकाकडे आणि कारभार दुसऱ्याकडे हा जुना प्रकार येथे वेगळ्या रूपात दिसतो. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावास २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरवर असाच हक्क मिळाला आणि तेथील ग्रामसभेने बांबूची तोड व विक्री स्वतः हाती घेतली.

ज्या गावांचा रहिवास मिश्र आहे, तेथे पंचाहत्तर वर्षांची अट जाचक ठरते. १९३० पूर्वीचा पुरावा म्हणजे मालगुजारी काळातील कागद. गॅझेटिअर, जमाबंदीचे अहवाल, निस्ताराच्या नोंदी यांप्रमाणेच दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या व्यक्तींचे लेखी निवेदनही नियमांनुसार पुरावा म्हणून चालते. इतिहास आणि मराठी विषयांच्या विद्यार्थ्यांना असे कागद वाचता येणे व असे निवेदन नीट उतरवून घेता येणे, हे क्षेत्रकार्याचे उत्तम निमित्त होऊ शकेल.

मराठी पर्यायांचा प्रश्न

विधी परिभाषेत ‘व्हेस्ट’ साठी ‘निहित होणे, निहित करणे’ हा पर्याय स्थिर झाला आहे. ‘नि’ या उपसर्गासह ‘धा’ धातूचे हे रूप आहे. निधी आणि निधान ही त्याचीच भावंडे. निहित म्हणजे ठेवलेले, सुरक्षित स्थानी सोपविलेले. शास्त्रदृष्ट्या हा पर्याय निर्दोष आहे. परंतु सामान्य मराठी वाचकाच्या मनात ‘निहित’ म्हणजे आत दडलेले, सूचित असलेले असा अर्थ उमटतो. ग्रामसभेत हे वाक्य मोठ्याने वाचून दाखविले तर ऐकणाऱ्यास हक्क मिळाला आहे की लपला आहे, असा संभ्रम पडावा. ‘प्रदान करणे’ यात दात्याचा भाव प्रबळ होतो. ‘स्वाधीन करणे’ यात ताबा येतो, जो व्हेस्ट या शब्दात नाही. ‘सोपविणे’ यात परत घेण्याची शक्यता उरते.

वृत्तपत्रे ‘बहाल करणे’ हा शब्द वापरतात. तो सवयीने वापरला जातो, तरी त्याचे मूळ लक्ष देण्यासारखे आहे. फारसी ‘ब-हाल’ म्हणजे पूर्वीच्या स्थितीत. हिंदीत निलंबित कर्मचाऱ्यास पुन्हा कामावर घेण्यास बहाली म्हणतात आणि विदर्भातील वाचकास तो अर्थ अपरिचित नाही. मराठीत मात्र बहाल करणे म्हणजे उदार हाताने देणे असा अर्थ रूढ झाला. मूळ अर्थ जागा केला तर ‘वनहक्क बहाल झाले’ या वाक्यात ‘रेकग्नाइज’ आणि ‘व्हेस्ट’ या दोन्ही क्रियापदांचा आशय बराचसा सामावतो. निस्तारासारख्या जुन्या वहिवाटीस हा शब्द चपखल बसतो, आणि कलम ३ मध्ये निस्तार हा शब्द जसाच्या तसा, जमीनदारी व संस्थानी काळातील वहिवाटींच्या उल्लेखासह, आलेलाही आहे. त्याच कलमातील सामूहिक वनसंसाधनाचे रक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क मात्र वेगळ्या प्रकारचा आहे. परंपरेने गावे वन राखीत आली असली, तरी निस्तार पत्रकात नोंद होती ती वापराची. व्यवस्थापनाचा अधिकार त्या कागदाने गावाला कधी दिला नव्हता. त्या हक्कापुरते ‘बहाल’ अपुरे पडते आणि ‘ग्रामसभेच्या ठायी निहित’ असेच लिहावे लागते.